भुकटीचं सोवळं

कारखान्यात पहिल्यांदा ड्रमचं झाकण निघालं तेव्हा मला आमच्या गावची पिठाची गिरणी आठवली. तशीच पांढरी, मऊ भुकटी, बोटांना लागली की रेषारेषांत जाऊन बसणारी. गिरणीवाल्याच्या पापण्यांवर पीठ साचायचं, तशी ती माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या पापण्यांवर साचली होती. फक्त पीठ ओठाला लागलं तर गोडसर लागतं, ही कडू लागली. घरी येऊन चहा प्याले तरी तो कडूपणा जिभेच्या कडेला राहिलाच.

मी आठवीत शाळा सोडली. माझं गाव वऱ्हाडात, मूर्तिजापूरपासून आत. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आई आजारी, घरात धाकटी भावंडं. मला कुणी शाळेतून काढलं असं नाही, एका जूनमध्ये मी गेलेच नाही, बस. लग्न झालं ते रेल्वेतल्या खलाशाशी. रुळांखालची खडी ठोकून बसवणारी मोठी यंत्रगाडी असते, तिच्यावर यांची नोकरी. यंत्रगाडी जाईल तिथे हे जातात, तिच्याच डब्यात झोपतात आणि घरी पाहुण्यासारखे येतात. त्यामुळे बदली झाशीला झाली ती त्यांची, पण झाशीत राहायला आले ती मी.

खोली मिळाली ती मराठीमुळे. सदर बाजारातल्या एका किराणा दुकानासमोर आम्ही दोघं हळू आवाजात वाद घालत होतो, की इथे आपल्याला कोण विचारतंय, परत जाऊन कुणा रेल्वेवाल्यालाच गाठू. शेजारी मोहरीचं तेल घेत असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मान वळवली.

"कुठले तुम्ही?"

आम्ही गावाचं नाव सांगितलं.

"ते कुठे आलं, मला नाही माहीत. पण मराठी आहात. चला, ऑटोत बसा. माझ्याकडे मागे खोली रिकामी आहे."

त्याच माझ्या काकू. त्यांच्या घराण्यातली माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी पूजाअर्चेसाठी महाराष्ट्रातून इकडे आली आणि इथलीच झाली. काकू स्वतः सिविल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होत्या. आता निवृत्त आहेत. यजमान गेलेले, मुलगा हैदराबादला. नात फोनवर "आजी" एवढं मराठीत म्हणते आणि पुढचं सगळं हिंदीत. काकूंचं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. एका दमात पणजीच्या काळातला शब्द आणि त्याच दमात हिंदी. "त्या फडताळातली कटोरी काढ गं जरा, जल्दी." मला त्या म्हणायच्या, "तू बोलत राहा. काहीही बोल. घरात मराठी ऐकू आलं की बरं वाटतं."

पहिल्याच पावसाळ्यात मला ताप आला. यंत्रगाडी ललितपूरच्या पुढे कुठेतरी होती. काकूंनी माझ्या उशाशी बसून मला भाताची पेज चमच्याने पाजली. माझ्या आईनंतर असं कुणी केलं नव्हतं. ते ऋण कसं फेडायचं हे मला कळेना, म्हणून मी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायला लागले. रोज संध्याकाळी चहा झाला की काकू पलंगावर पाय लांब करायच्या, मी वाटीत कोमट तेल घेऊन बसायची आणि माझी बडबड सुरू व्हायची. कारखान्यात काय झालं, जिज्जी काय बोलली, सगळं.

जिज्जी म्हणजे तीच, पापण्यांवर भुकटी साचलेली. इकडे मोठ्या बहिणीला जिज्जी म्हणतात. तिचं माहेर बेतवाकाठी, एरचला. तोंडाने फटकळ, हाताने चपळ. कारखाना शहराबाहेर आहे, जनावरांची औषधं भरणारा. गाई-म्हशींची जखम चिघळली, कोंबड्यांमध्ये रोग शिरला की जी जंतू मारणारी पुडी देतात, ती तिथे भरतात. मोठ्या ड्रममधून मूळ औषधाची भुकटी यायची. ती दुसऱ्या साध्या भुकटीत मिसळायची, मापाने पुड्यांत भरायची. आमच्या खोलीत आम्ही बायकाच.

औषधाची जबाबदारी केमिस्ट साहेबांकडे होती. मध्यम वयाचा, बारीक आवाजाचा माणूस, पण शिकवायची आवड. माझ्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला ड्रमपाशी उभं केलं आणि एक डाव भुकटी उंचावरून सोडून दाखवली. धूर उठावा तशी ती उठली.

"दिखा?"

"जी."

आता त्यांनी डाव ड्रमच्या पोटात नेऊन अलगद उपडा केला. काहीच उडालं नाही.

"बस, इतना ही काम सीखना है," असं ते त्यांच्या हिंदीत म्हणाले. बाकी सगळं याच्यातूनच निघतं. उडू द्यायची नाही, कारण उडालेली दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून ती नाकात जाते. नाकावर तोंडावर पट्टी घट्ट बसली पाहिजे, ओढणी बांधणं म्हणजे चाळणीने पाणी अडवणं. डोळा खाजला तरी हातमोजा डोळ्याला न्यायचा नाही. खाली सांडली तर झाडू नाही, ओलं फडकं. ड्रमला तारेचा चिमटा लावल्याशिवाय ओतायचं नाही, कारण कोरडी भुकटी घसरताना ठिणगी पडू शकते आणि हवेत उडालेली बारीक भुकटी पेटली तर भडका उडतो. जेवायच्या आधी कोपरापर्यंत साबण. आणि सुट्टी झाली की अंघोळ करून, कपडे बदलूनच घरी जायचं.

मी भित्री आहे. घराला कुलूप लावून निघाले तरी कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघते. त्यामुळे मला हे सगळं पाठ झालं. जिज्जी हसायची. "काय बिन्नू, इत्तो काय डरात? जे दवाई आय, जहर थोड़ी आय." अगं पोरी, एवढं काय घाबरतेस, औषध आहे हे, विष थोडंच आहे. तिचं म्हणणं असं की जे खाऊन जनावर बरं होतं ते अंगाला लागून माणसाला काय होणार? तिथल्या बहुतेक बायकांचं तेच म्हणणं होतं. एकीच्या पोराला फोड आले होते तर तिने हातमोज्यावरची भुकटी झटकून त्याला लावायला नेली होती. केमिस्ट साहेबांनी ते ऐकलं तेव्हा ते तिच्यावर ओरडले नाहीत, खाली बसले.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आम्ही सगळ्या नियमाने अंघोळ करायचो. कारखान्यातून निघताना डोक्यावरून गार पाणी घेणं म्हणजे सुखच होतं. गोष्ट बिघडली ती थंडीत. झाशीची थंडी आमच्या वऱ्हाडासारखी नाही. सकाळी धुक्यात समोरचा ऑटो दिसत नाही आणि दुपारी उन्हात बसलं तरी पाठ तापत नाही. अशात न्हाणीतल्या नळाचं पाणी अंगावर घ्यायची हिंमत कोण करणार? तेव्हा बायकांनी एक वेगळी वाट काढली. यंत्र साफ करायला एक नळी होती, दाबाच्या हवेची. सुट्टी झाली की सगळ्या ओळीने उभ्या राहायच्या, जिज्जी नळी धरायची आणि एकेकीच्या अंगावर हवा मारायची. डोक्यापासून पायापर्यंत, पदर, निऱ्या, अंबाडा. फर्र आवाज व्हायचा, पांढरा ढग उठायचा आणि बाई स्वच्छ. निदान दिसायची स्वच्छ. हसणं, खिदळणं, "अब मेरी बारी" चालायचं. केमिस्ट साहेब त्या वेळी पुढच्या इमारतीत असायचे.

मीही त्या ओळीत उभी राहायची. माझ्या मनात पाल चुकचुकत होती, पण नळाखाली हात धरला की बोटं बधिर व्हायची, आणि सगळ्या जर करतात तर चालत असेल असं वाटायचं.

पौषातली गोष्ट. काकूंच्या मानेवर आणि पापण्यांवर लाल चट्टे उठायला लागले. खाज. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. आधी त्यांनी साबणाला दोष दिला, मग शेजारणीने दिलेल्या लोणच्याला. मग म्हणाल्या, "म्हातारपणाची कातडी आहे, थंडीत कोरडी पडते." आणि तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी गुडघ्यांबरोबर त्यांच्या मानेलाही तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी मान जास्त लाल.

एका रविवारी आम्ही अंगणात उन्हात मटार सोलत बसलो होतो. काकू डोळे चोळत होत्या. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊन या ना."

"डॉक्टरकडे गेलं की पहिली माझी कहाणी सांगावी लागते," त्या म्हणाल्या. "कंटाळा येतो."

"कसली कहाणी?"

"अगं, लग्नाआधी मला घशाचं दुखणं झालं होतं. डॉक्टरनी सुई दिली. घरी पोचायच्या आत तोंड असं सुजलं की वडिलांनी ओळखलं नाही. श्वास अडकला. उचलून परत नेलं. मेलेच होते मी. तेव्हापासून पेनिसिलिन मला बंद. त्याच्या जातीचं कुठलंही औषध बंद. नवा डॉक्टर असला की आधी हेच सांगायचं, नहीं तो जय राम जी की." आणि त्या हसल्या.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला इंग्रजी फार येत नाही, पण अक्षरं लागतात. आमच्या ड्रमवरच्या नावाच्या शेवटीही तेच 'सिलिन' होतं, औषध त्याच कुळातलं होतं. केमिस्ट साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारलं होतं, पेनिसिलिनची सुई कुणाला बाधली आहे का, असेल तर या खोलीत येऊ नका. कुणी हात वर केला नव्हता. आमच्यापैकी कुणाला बाधली नव्हतीच. आमच्या घरच्यांचं कुणी विचारलं नव्हतं आणि आम्हालाही सुचलं नव्हतं.

मी काकूंपासून थोडी लांब सरकले. त्यांना वाटलं मी उन्हासाठी सरकले.

त्या संध्याकाळी तेल लावलं नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोचताच केमिस्ट साहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. हवेच्या नळीचंही सांगितलं, कारण ते गाळून बाकीचं सांगता येत नव्हतं. जिज्जी दारात उभी राहून ऐकत होती, तिचे डोळे मोठे झाले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "होऊ शकतं. नक्की आहे असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टर सांगेल. पण ज्याच्या शरीराला एकदा हे सोसलं नाही, त्याला पुढे थोडंसंही पुरतं. सुईच लागते असं नाही." ते म्हणाले, नळीने हवा मारली की भुकटी अंगावरून जाते पण जागेवरून जात नाही. उडते आणि पुन्हा बसते. केसांत बसते, स्वेटरच्या लोकरीत बसते, ते घेऊन तुम्ही घरी जाता आणि बंद दारांच्या खोलीत पोरांना जवळ घेता. "आज मानेवर चट्टे आहेत. कधी ओठ सुजले, आवाज बसला, दम लागला, तर वाट बघायची नाही. ऑटो करायचा आणि सरळ हॉस्पिटल."

मी विचारलं, "मग मी काय करू? काम सोडू?"

"वो आप सोचिए," ते म्हणाले. "काम सोडायला मी सांगणार नाही. न धुता घरी जाऊ नका, एवढं सांगेन."

हवेची नळी त्यांनी त्याच दिवशी काढून पुढच्या इमारतीत नेली. जिज्जी माझ्याशी दिवसभर बोलली नाही. सुट्टीच्या वेळी एवढंच म्हणाली, "अब नहाओ ठंडे पानी में, महारानी." आणि न्हाली. मीही न्हाले. माझे दात वाजत होते.

पण कपडे? कपडे बदलायचे म्हणजे आम्ही कारखान्याचा डगला तेवढा उतरवायचो. तो आमच्याच कपड्यांवर चढवलेला असायचा, आणि त्याच कपड्यांत घरी जायचो. शाल, स्वेटर तिथल्याच खुंटीवर. म्हणजे अंघोळ करूनही मी ती भुकटी पुन्हा अंगावर घेऊनच निघाले होते. हे ऑटोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. घरापाशी उतरले आणि पुढच्या दारासमोर उभी राहिले. आत जाववेना. काकूंनी आतून हाक मारली, "आलीस? ये ना, चहा ठेवलाय."

मी दाराबाहेरूनच सांगितलं. मटार सोलताना त्या जे बोलल्या होत्या ते, ड्रमवरचं नाव, साहेब काय म्हणाले ते. शेवटी म्हटलं, "काकू, मी दुसरी खोली बघते. तुम्ही आधी डॉक्टरकडे जा."

काकू चौकटीत उभ्या होत्या. हात आपोआप मानेकडे गेला होता. मग म्हणाल्या, "आज तुझ्या खोलीतच राहा. चहा मी बाहेर ठेवते."

त्या रागावल्या नव्हत्या हे मला आता कळतं. घाबरल्या होत्या. पण त्या वेळी मला ते कुठलं सुचायला. मला वाटलं, संपलं. आणि मी खोलीत बसून मनाशी सामान बांधत होते. यांना फोन केला. हे म्हणाले, "क्वार्टरसाठी अर्ज टाकतो, पण लगेच नाही मिळायचं." मला क्वार्टर नको होतं. मला त्या घरातला तो पलंग आणि तेलाची वाटी हवी होती, पण हे फोनवर कसं सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी निघायच्या आतच, काकू सिविल लाइन्समधल्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टरही तेच म्हणाले, असू शकतं, त्या भुकटीपासून लांब राहा. गोळ्या दिल्या. मी कामावर निघाले तेव्हा काकूंनी खिडकीतून सांगितलं, "आज येताना मागच्या दाराने ये. मोरीत अंघोळ कर. त्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. कपडे बाहेरच. समजलीस?"

"हो," म्हटलं.

पण दिवसभर ते शब्द माझ्या अंगात खुपत राहिले. माझी आई गावात ज्या घरी कामाला जायची तिथे ती मागच्या दाराने जायची. पाणी वरून ओंजळीत. मी लहान असताना तिच्याबरोबर त्या दारात बसलेली आहे, आणि पुढच्या दाराने माणसं कशी जातात ते बघितलेलं आहे. काकूंनी मला पहिल्या दिवसापासून पुढच्या दाराने घेतलं होतं, ना जात विचारली ना काही. तेवढ्यावर मी त्यांच्यासाठी काहीही केलं असतं. आणि आता त्याच म्हणत होत्या, मागून ये, धू, शिवू नको. त्यांचं बरोबर आहे हे मला कळत होतं. मीच तर केमिस्ट साहेबांचं ऐकून घाबरले होते. तरी खुपत होतं. दोन्ही एकदम.

संध्याकाळी मागच्या बोळात शिरले. शेजारची बाई गॅलरीत होती. "काय हो, आज पीछे से? मालकिन नाराज हैं क्या?" असं अर्धं मराठी अर्धं हिंदी तिने विचारलं. ती काकूंच्याच नात्यातली, लांबची. मी कडी वाजवली.

दार नुसतंच लोटलेलं होतं. आत अंगणात धूर. कोपऱ्यात काकूंच्या सासूचा तांब्याचा बंब होता, अंघोळीचं पाणी तापवायचा, कित्येक वर्षांत न पेटवलेला. त्याच्यावर तुळशीची कुंडी असायची. कुंडी खाली उतरवली होती आणि बंब पेटला होता. मोरीत बादली भरून वाफ येत होती. बाहेर झाकणाची बादली, त्यात साबणाचं पाणी, माझ्या कपड्यांसाठी. आणि मोरीच्या दांडीवर, माझा हात पोचेल अशा बेताने, एक जाड लोकरीचं वस्त्र टांगलेलं होतं. किरमिजी रंगाचं, कडेला थोडं विरलेलं.

काकू स्वयंपाकघराच्या दाराआडून ओरडल्या, "पाहिलीस का धाबळी? ती गुंडाळून ये. थंडी आहे."

"काकू, ही कसली?"

"सोवळ्याची. सासूबाईंची, मग माझी. अंघोळ करून ही नेसायची आणि मग चुलीपाशी जायचं, कुणाला शिवायचं नाही. संदूकमध्ये पडली होती."

मी हात लावला नाही. म्हटलं, "ही मी कशी घेऊ? माझी आई तर अशा घरांच्या..." आणि पुढे बोलवेना.

दाराआड काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"रागावलीस तू सकाळपासून," काकू म्हणाल्या.

"नाही हो."

"रागावलीस. खोटं नको बोलू, मला दिसत नसलं तरी ऐकू येतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ. सासूबाई मला असंच थांबवायच्या. अंघोळ कर, हे नेस, ते शिवू नको. मी विचारायची, का? तर उत्तर नाही. का नाही म्हणजे नाहीच. मी मनातून शिव्या द्यायची. त्या गेल्यावर सगळं बंद केलं, धाबळी संदूकमध्ये टाकली. आता मी तुला थांबवते आहे, तर का ते सांगते. मला मरायचं नाहीये अजून. बस. इसमें जात-पाँत कुछ नहीं है. आणि कुणी असं समजत असेल, तर त्या गॅलरीतल्या बाईला पण ऐकू जाऊ दे."

गॅलरीतून आवाज आला, "मैंने क्या कहा, मामीजी?"

"तू ने कुछ नहीं कहा, तू चाय पी."

मी हसले आणि मग मोरीचं दार लावून घेतलं. त्या गरम पाण्याने केसांतून धुतलं, कानामागे, नखांत, पुन्हा पुन्हा. पाणी नाल्यात जाऊ नये म्हणून नंतर केमिस्ट साहेबांनी कपडे कारखान्यातच धुवायची सोय केली, पण त्या दिवशी ते कुठे सुचलं होतं. धाबळी अंगाभोवती घेतली. लोकर टोचत होती आणि उबदार होती. माझ्या आईने ती कधी हातातही घेतली नसती, आणि मला ती खांद्यावरून घसरू नये म्हणून धरून ठेवावी लागत होती.

त्या दिवसापासून तसाच नियम झाला. सकाळी मी कारखान्यात गेले की अंगावरचे कपडे एका पिशवीत बांधून बाहेरच्या खोलीत ठेवते, तिथलेच कपडे घालते, सुट्टीला अंघोळ करते, मग पिशवी उघडते. तरीही घरी मागच्याच दाराने येते आणि पुन्हा अंघोळ करते, कारण मी भित्री आहे. कारखान्यातल्या अंघोळीचं म्हणाल, तर एकदा साहेबांनी विचारलं, आता बायका न्हातात ना? जिज्जी म्हणाली, "साहब, पानी गरम कराओ, रोज दो बार नहाएँगे." पुढच्या आठवड्यात न्हाणीत पाणी तापवायचं यंत्र लागलं. आता तिथे सुट्टीच्या वेळी नंबर लागतात आणि जिज्जी दार वाजवून आतल्या बाईला विचारते, सासरी जायचंय का तुला एवढं घासून.

फाल्गुनात जिज्जीने मला ड्रममधली जाड प्लास्टिकची पिशवी दिली, धुऊन, घडी करून. कुरडया वाळत घालायला तिथल्या सगळ्या बायका तीच वापरायच्या. "ले जा अपनी काकी के लिए." तिचा चांगुलपणाच होता. मी ती कारखान्यातच साहेबांच्या समोर फाडायला दिली आणि सदर बाजारातून नवं प्लास्टिक घेऊन गेले. जिज्जी पुटपुटली, पण तिच्या घरच्याही पिशव्या ती नंतर परत घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं.

काकूंचे चट्टे हळूहळू उतरले. एकदम नाही. कधी पापणी लाल दिसली की मला धडकी भरायची, मी माझ्या खोलीत जाऊन शाल, उशी सगळं उन्हात टाकायची. काकू म्हणायच्या, "अगं, कांदा चिरला मी." तरी मी त्यांच्या जवळ बसायची नाही. चहा पलंगाच्या टोकाशी बसून प्यायची. बोलायची, पण लांबून. हातांचा मला भरवसा वाटेना. तेलाची वाटी फडताळात गेली ती गेली. काकू गुडघे स्वतःच दाबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत.

थंडी गेली, अंगणात बंबाऐवजी आता पाणी नुसतं उन्हात तापवून पुरतं. परवा मी अशीच मागून आले, अंघोळ केली, धुतलेली साडी नेसले. धाबळी आता संदूकमध्ये परत गेली आहे, थंडीला पुन्हा निघेल. आत आले तर काकू पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, आणि शेजारी स्टुलावर वाटी होती.

"आजपासून परत," म्हणाल्या.

"काकू, नको. अजून थोडे दिवस जाऊ द्या."

"डॉक्टरना विचारून आले आहे. म्हणाले, धुतलेले हात आहेत ना, मग चालेल. माझे गुडघे दुखतात. तुझ्याशिवाय कोण आहे इथे?"

मी मोरीवर गेले आणि पुन्हा कोपरापर्यंत साबण लावला.

"धुतलेस की आत्ताच!" आतून आवाज आला.

"असू द्या."

"मोरीत साबण उरेल का उद्या?"

मी हात कोरडे केले, नखं उजेडात धरून बघितली आणि पलंगाच्या कडेला बसले. तेल कोमट होतं. काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हं, बोल. काय म्हणाली तुझी जिज्जी आज?"